धाकटीच्या हातची माळ

मोर्णेच्या काठी धुणं धूत होते. माझ्या पुढच्या दगडावर एका कुणब्याची सून वाकली आणि तिच्या गळ्यातली माळ पदराबाहेर लोंबली. मी हातातलं लुगडं तसंच पाण्यात सोडलं. तशी माळ मी आधी कधी पाहिली नव्हती, पण ती कुणाच्या हातची ते मला एका नजरेत कळलं. विचारायची काही गरज नव्हती. तरी विचारलं.

"अमरावतीहून आणली," ती म्हणाली. "तिथं एक पटवेकरीण हाये. तिच्या दारी बाया सकाळपासून बसून राह्यतात."

ती पटवेकरीण म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. मी धुणं पिळलं, पाटीत टाकलं आणि घरची वाट धरली. घर येईस्तोवर अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. म्हटलं, ऊन लागलं. श्रावणातल्या ढगाळ दिवशी कसलं ऊन, पण तो बिचारा मला ओळखून होता.

आम्ही दोघी पातूरच्या पटवेकऱ्याच्या लेकी. सोनार मणी घडवतो, मणियार मणी विकतो, पण ते रेशमात ओवून गळ्यात घालण्याजोगं करतो तो पटवेकरी. बाप लवकर गेला, म्हणून मायनंच आम्हाला हात शिकवला. रेशीम पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, टोकाला मेण लावायचं, मणी चढवायचा, गाठ मारायची, की पुढचा मणी. मला गाठ लवकर आली. माझी गाठ अशी बसते, की नखानं चाचपली तरी सापडायची नाही. धाकटीचा हात ढिला. तिची माळ माय पुन्हा पुन्हा उकलायची, आणि गिऱ्हाइकाला द्यायची ती माझी. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं लोक हे सगळं साफ विसरले.

मला अकोल्यात दिली, तिला अमरावतीत. दोन्ही घरं पटवेकऱ्यांचीच. काही वर्षं बरी गेली. माझं नाव होतं. अकोल्यात लग्न निघालं की नवरीची काळी पोत माझ्याकडं यायची, आणि मी लाल रेशमात काळे मणी, मधे पोवळं, खाली गोंडा, असं मायनं शिकवलं तसंच करायची. कुणी नाव ठेवलं नाही.

मग ती कापसाची वर्षं आली. समुद्रापलीकडं कुठंतरी मोठी लढाई जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस बंद झाला, आणि साहेबाला आमच्या वऱ्हाडच्या कापसाशिवाय करमेना. आम्हाला लढाई दिसली नाही, गाड्या दिसल्या. कापूस भरून मुंबईकडं जाणाऱ्या गाड्या, आणि मीठ, कापड, विलायती काचमणी घेऊन परतणाऱ्या गाड्या. ज्या बायांनी एका पोतीवर जन्म काढला असता त्या वर्षाकाठी गळा बदलायला लागल्या. पैसा आला की माणसाला नुसतं चांगलं पुरत नाही, शेजारणीकडं नाही असं काहीतरी लागतं. आणि शेजारणीकडं नाही असं काय, हे धाकटीला कळत होतं. मला कळत नव्हतं.

ती वाटेनं सरळ चालतच नाही. मूर्तिजापूरच्या वाटेनं ती आमच्याकडं यायची, तर गाडी पुढं आणि ही मागं. कुठं गुंजेच्या वेलाशी थांब, कुठं रानजोंधळ्याचे करडे दाणे पदरात बांध, कुठं लमाणणीच्या घागऱ्यावरच्या कवड्या न्याहाळत उभी राहा. एकदा माझ्या अंगणात तुरीची डाळ वाळत होती, तर हिनं त्यातली सालं राहिलेली डाळ निवडून हातावर घेतली आणि म्हणाली, "अक्का, पिवळ्याजवळ हा तांबडा कसा बसला पाह्य." मी म्हटलं, "डाळ हाये ते. शिजवतात." महिनाभरानं अमरावतीच्या बायांच्या गळ्यात पिवळ्या-तांबड्या मण्यांच्या माळा आल्या. डाळ माझी, अंगण माझं, आणि माळ तिची. अशा वेळी माणसाचं पोट दुखू नये तर काय व्हावं?

आता मूळ गोष्टीवर येते.

अकोल्यात एका पाटलांचं घर होतं. कापसानं त्या घराला इतकं दिलं, की त्यांनी त्या साली महालक्ष्म्या थाटात बसवायच्या ठरवल्या. आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा, दोघी बहिणी. श्रावणातच पाटलीणबाईंनी मला बोलावणं धाडलं. मी गेले तर त्यांनी तबकावरचा रुमाल काढला. आत एक माळ. नदीवर पाहिली तिच्याहून कितीतरी देखणी. वर फिकट पिवळे मणी, मग केशरी, आणि खाली येता येता गर्द लाल. काच नव्हे, दगड. लाल इतका खोल, की आत दिवा ठेवलाय असं वाटावं. रेशीम हिरवं. लाल मण्याला हिरवं रेशीम मी जन्मात घेतलं नसतं.

"तुह्या बहिणीची हाये," पाटलीणबाई म्हणाल्या. जसं काही मला सांगायलाच हवं होतं.

"चांगली हाये," मी म्हटलं. ते दोन शब्द काढायला मला किती जड गेले ते माझं मला ठाऊक.

"मले अशीच दुसरी पाह्यजे. दोघींले सारखंच लागते, तुले तं मालूमच हाये. एकीले एक अन् दुसरीले दुसरं केलं तं घरात भावाभावात फूट पडते."

हे खरं होतं. आमच्याकडं दोन्ही लक्ष्म्यांचं लुगडं एक, चोळी एक, दागिना एक. एकीच्या अंगावर तसूभर जास्त नाही, दुसरीच्या कमी नाही. मी विचारलं, "मंग दोन्ही तिच्याकडूनच कावून नाई करून घेतल्या?"

"मी तं दोनच सांगितल्या होत्या. तिनं एकच देल्ली. म्हणे, दुसरी माह्या अक्काच्या हातची होऊ द्या, थोरलीले थोरलीची. मोठ्या मनाची हाये बरं तुही बहीण."

माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. धाकटीनं मला काम धाडलं होतं. माझ्या गावातल्या, माझ्या गिऱ्हाइकाच्या घरचं काम, आणि तेही तिची नक्कल करायचं. पाटलीणबाई पुढं म्हणाल्या, "अन् ऐक. माघात पोरीचं लग्न हाये. पोत, मुंडावळ्या, माळा, सारं एकाच हातचं करीन म्हणतो. दोन्ही माळा लक्ष्म्यांच्या गळ्यात पाहीन, अन् मंग ठरवीन कोणाले द्याचं थे."

हे काय होतं ते समजून घ्या. त्या घरच्या लग्नात जिचा हात दिसला, तिच्याकडं पुढं सगळा परगणा जाणार. बाकीच्या घरच्या बाया पाटलीणबाईंकडं बघूनच सगळं करायच्या. ते काम धाकटीकडं गेलं असतं तर मी अकोल्यात बसून लोकांच्या जुन्या पोती गाठत राहिले असते, आणि माझ्याच गावच्या नवऱ्या अमरावतीची पोत घालून माझ्या दारावरून गेल्या असत्या. मी माळ पदराखाली घेतली आणि म्हटलं, "करतो."

करते म्हटलं खरं, पण ते मणी आणायचे कुठून?

पहिल्यांदा बाजारातल्या म्हाताऱ्या मणियाराकडं गेले. त्याच्या दुकानात खंबायतचा दगड, मुंबईचा काचमणी, सगळं असायचं, आणि मणी बघितला की तो कुठला हे तो झोपेतसुद्धा सांगायचा. त्यानं माळ हातात घेतली, एक मणी गालाला लावला, मग भोकातून उजेड बघितला.

"ये बाजार का माल नै, बेटी. ये छेद देख. दोनों तरफ से मारा है, बीच में टेढा मिला है. ऐसा छेद अब कोई नै मारता. बहोत पुराना फत्तर है."

"मंग मिळंल कुठं?"

"तुह्या बहिणीलेच विचार नं," तो हसून आमच्या बोलीत म्हणाला. सगळ्या गावाला माहीत होतं, माळ कुणाची आहे ते.

धाकटीला विचारू? तिच्यापुढं पदर पसरण्यापेक्षा मी मोर्णेत उडी घेतली असती. मी त्याच्याकडून लाल विलायती काच घेतली, घरी आले, रेशीम अंगठ्यात अडकवलं आणि ओवायला बसले. पिवळे मणी घातलेच नाहीत. मला वाटलं, हिला लाल पुरले नाहीत म्हणून हिनं वर पिवळे भरलेत, कामात असं करावं लागतं कधीकधी. मी सगळी लालच करीन, म्हणजे माझी भारी दिसेल. अर्धी ओवून झाली तेव्हा दोन्ही शेजारी धरल्या. तिची गळ्यावर सावकाश गर्द होत खाली आली असती, आणि माझी नुसती लालभडक. काच ती काच. माझ्या गाठी सुरेख होत्या, पण गाठी बघायला कोण वाकतंय? मी माळ उकलली आणि मणी परत पुडीत बांधले.

नवरा म्हणाला, "सांग पाटलीणबाईले का होत नाई." मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो उठून बाहेर गेला.

पोळा झाला. महालक्ष्म्या तोंडावर आल्या. गावाबाहेर पातूरच्या रस्त्यावर लमाणांचा तांडा उतरला होता. त्यांच्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात कधीकधी जुने दगड दिसतात, म्हणून गेले. एका म्हातारीच्या गळ्यात खरंच दोनतीन तसलेच लाल मणी होते. मी तिला म्हटलं, हे मले दे, बदल्यात नवं रेशीम गाठून देतो. ती म्हणाली, माझ्या गळ्यातलं माझ्याबरोबर जळणार. मग माझ्या हातातली माळ बघितली आणि म्हणाली, "अवं, हे तं पातूरचे. लेण्याखालच्या वावरात निंगतात. तू कुठची?"

"पातूरची," मी म्हटलं.

ती अशी हसली, की तिच्या कवड्या वाजल्या. शेजारच्या लमाणणींना तिनं त्यांच्या भाषेत सांगितलं आणि त्याही हसल्या. मी सगळं अकोलं पालथं घातलं, आणि ती वस्तू माझ्या माहेरात, माझ्या मायच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी पातूरला जाणाऱ्या एका गाडीत बसले. माय दारातच धान्य निवडत बसली होती. तिनं मला बघून आश्चर्य केलं नाही, पाणी दिलं नाही, पहिलं काय म्हणाली तर, "आली का शेवटी."

मी माळ तिच्या पुढ्यात टाकली. "हे मणी लेण्याखालचे हायेत, अन् तू मले कधी सांगितलं नाई."

तेव्हा तिनं सांगितलं. लेण्याखालची जमीन जन्मभर पडीक होती, तिथं ढोरं चरायची. कापसाला भाव आला आणि लोकांनी बांध फोडले, पडीक फोडलं, डोंगराच्या पायथ्यापर्यंत कापसाची पऱ्हाटी लावली. नांगर खोल गेला, पाऊस पडला, आणि काळ्या मातीतून हे मणी वर यायला लागले. निंदणाऱ्या बायांना सापडायचे. पूर्वी लेण्यात जे कोणी राहत होते त्यांचे असतील, असं लोक म्हणत. बाया ते मायला आणून द्यायच्या आणि बदल्यात आपली तुटकी पोत गाठून घ्यायच्या. त्याच साली धाकटी बाळंतपणाला माहेरी होती.

"तिनं मागितले," माय म्हणाली. "मी देल्ले. तू कधी मागितले?"

"मले मालूम असतं तं मागितले असते."

"तुले कधी काई पाह्यजे असते का, पोरी? तुले तं सारं येत होतं."

मला इतका राग आला की मी तशीच उठून लेण्याखालच्या वावरात गेले. म्हटलं, मीच वेचीन. पऱ्हाटी कमरेपर्यंत आलेली. तासातासातून वाकून चालले, मातीची ढेकळं फोडली, पायाला चिखल लदलदला. एक मणी सापडला, तोही फुटका. निंदणाऱ्या बाया बांधावर बसून भाकर खात होत्या. त्यातली एक म्हणाली, "आता नाई राह्यले बाई. अमरावतीची येते नं, सारे नेते."

मी तिथं पऱ्हाटीत उभी राहिले आणि रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात माझं लक्ष फुलांकडं गेलं. पऱ्हाटीला फूल धरलं होतं. आज उमललेलं फिकट पिवळं, कालचं केशरी पडलेलं, परवाचं गर्द लाल होऊन मिटलेलं, आणि सगळं हिरव्या पानात. मी एक फूल तोडून हातावर घेतलं. ती माळ म्हणजे पऱ्हाटीचं फूल होतं. लाल मणी पुरले नाहीत म्हणून पिवळे घातले असं मी समजत होते. सगळं वऱ्हाड त्या वर्षी पऱ्हाटीकडं डोळे लावून बसलं होतं, बोंडं किती, भाव किती. फूल कुणी पाहिलं नाही. मीही नाही. तिनं पाहिलं. मला तेव्हा तिचा जितका हेवा वाटला तितका आयुष्यात कशाचाच वाटला नाही, अगदी तिच्या मुलांचासुद्धा नाही. हाताचं काम शिकता येतं. डोळे कुठून आणायचे?

परत आले तर मायनं माझ्यापुढं एक कापडाची पुरचुंडी ठेवली. "धाकटीनं ठेवून देल्ली हाये तुह्यासाठी. म्हणे, अक्का येईल तवा दे."

सोडली तर आत मणी. पिवळे, केशरी, लाल, लहानमोठे, तिच्या माळेशी अगदी जोडीचे. बरोबर हिरव्या रेशमाची लड. एकसुद्धा फुटका नाही.

"पाह्य कशी मायाळू हाये," माय म्हणाली. पाटलीणबाई म्हणाल्या मोठ्या मनाची, माय म्हणते मायाळू. मला ती पुरचुंडी उचलून आडात फेकावीशी वाटली. पण माझ्या गावातलं पाटलांचं घर हातचं जात होतं, तेव्हा मी ती कमरेला खोचली आणि परतीची गाडी धरली.

घरी येऊन ओवायला बसले. दुसऱ्याची माळ मण्यामण्यानं उतरवून घेणं म्हणजे त्या बाईच्या डोक्यात शिरून बसणं. हा मणी इथं का, याच्यानंतर तो का, हे हाताला कळत जातं. जिथं मला वाटे, इथं चुकली, तिथं दोन मणी पुढं गेल्यावर कळायचं की चुकली नाही. मी तिला शिव्या देत देत ओवत होते. एकच गोष्ट माझी होती, गाठ. प्रत्येक मण्यामागं माझी गाठ, बारीक, घट्ट. म्हटलं, नक्कल तर नक्कल, पण पाटलीणबाईंनी दोन्ही शेजारी धरल्या तर हात कुणाचा पक्का हे आंधळ्यालाही कळेल.

महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी आम्हा दोघींना पाटलांकडं बोलावणं होतं. धाकटी आदल्या दिवशीच अमरावतीहून माझ्याकडं उतरली होती. तिला माळ दाखवली. तिनं ती उचलून बघितली, गाठींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चांगली झाली." तेवढंच. मी म्हटलं, "मणी तुहेच होते." ती म्हणाली, "हो." मग आम्ही दुसरंच काहीतरी बोलत बसलो. संध्याकाळी मी दोन्ही माळा पाटलांकडं पोचत्या केल्या.

पाटलांच्या घरी लक्ष्म्या उभ्या होत्या. दोघींना सारखी हिरवी लुगडी, सारख्या नथी, वर फुलोरा टांगलेला, पुढं आंबील, पुरण, भाज्यांचे डोंगर. आणि गळ्यात आमच्या माळा. मी आधी थोरल्या लक्ष्मीकडं पाहिलं. तिच्या गळ्यातली माळ अशी उतरली होती, की मणी जणू तिथंच उगवले असावेत. धाकट्या लक्ष्मीच्या गळ्यातली ताठ होती, जरा अंग धरून बसलेली. मी मनात म्हटलं, थोरलीच्या गळ्यात माझी, म्हणजे माझीच सुरेख बसली.

तेवढ्यात पाटलीणबाईंची सून सगळ्यांदेखत हसत म्हणाली, "दोन्ही एकाच तबकात ठेवल्या अन् मंग काई वळखूच आल्या नाई. हाताले लागली थे घातली."

झालं. मग ती थोरलीच्या गळ्यातली माझी कशाची? माझ्या गाठी घट्ट, म्हणून ती ताठ बसलेली माझी. धाकटीचा हात पहिल्यापासून ढिला, म्हणून तिची अशी मऊ उतरली. ज्या ढिल्या हातासाठी तिनं मायचा मार खाल्ला, तोच हात आज लक्ष्मीच्या गळ्यात शोभत होता. मी पानावर बसले, पुरणाचा घास तोंडात फिरत राहिला. सगळ्या बाया थोरलीकडंच बघताहेत असं मला वाटत होतं. लग्नाचं काम गेलं, परगणा गेला. धाकटी माझ्या शेजारी बसली होती. तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

पानं उठल्यावर पाटलीणबाईंनी आम्हाला दोघींना ओसरीवर बोलावलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लग्नाचं काम तूच कर."

मला वाटलं, ऐकण्यात चुकलं. धाकटीच विचारती झाली, "कावून, बाई?"

"दोन्ही सारख्याच हायेत," पाटलीणबाई म्हणाल्या. "मी लय पाह्यल्या. मले काई फरक दिसला नाई. मंग घडीघडी अमरावतीले गाडी कोण धाडीन? ही इथंच हाये."

एवढंच. माझी गाठ नाही, तिचे डोळे नाहीत. मी जवळ राहते म्हणून. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी तोंडावर सांगितलं असतं, की कामाची अक्कल नसेल तर करून घेऊ नका. पण मी खाली वाकून नमस्कार केला. काम माझं झालं होतं.

घराकडं चालत निघालो. धाकटी पुढं, मी मागं. ती कधी नव्हे ती सरळ चालत होती, वाटेत कशाशीही थांबली नाही. चावडीच्या पुढं एक गुंजेचा वेल कुंपणावर चढला होता, त्याकडंही तिनं पाहिलं नाही. शेवटी मी म्हटलं, "काय झालं वं?"

"काई नाई."

"बोल नं."

ती थांबली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मले वाटलं होतं, दोन्ही जोडीनं लावल्या का पाह्यणाऱ्याले कळंल."

"काय कळंल?"

विचारता विचारताच मला सगळं कळलं. मोठं मन नव्हतं ते, माया नव्हती. तिनं मला मणी निवडून दिले, रेशीम दिलं, एकही फुटका मणी दिला नाही, ते अशासाठी की दोघींचं सामान सारखं असावं, आणि तरीही लोकांना दोन हातांतला फरक दिसावा. माझ्याच गावात, सगळ्या बायांपुढं. तिचं नाव सगळ्या अमरावतीत होतं, आणि तरी तिला माझ्या गिऱ्हाइकाचं घर हवं होतं. लहानपणी माय माझी माळ गिऱ्हाइकाला द्यायची आणि तिची उकलायची, ते तिच्या पोटात इतकी वर्षं तसंच होतं. मला तिचा हेवा वाटतो हे मला माहीत होतं. तिलाही माझा वाटत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला रस्त्यात इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. पायातला शीण गेला.

मग ती पुटपुटली, "थोरलीच्या गळ्यातली तुही होती."

मी तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"कावून म्हणतं?" मी विचारलं.

"तुह्या गाठी घट्ट असतात. मणी जागचा हालत नाई, म्हणून अशी उतरली. माही थे दुसरी. अंग धरून बसली होती. मी पानावर दुसरं काई पाह्यलंच नाई. माह्यानं घास गिळला गेला नाई."

मी दिवसभर तिच्याच शेजारी बसून हेच केलं होतं, फक्त उलट. त्या दोन माळांत कोणती कुणाची, हे ना तिला कळलं होतं ना मला. पाटलीणबाईंना तरी कुठून कळणार? तेवढं मी तिला सांगू शकले असते. सांगितलं असतं तर दोघी रस्त्यात बसून हसलो असतो, कदाचित.

"हो," मी म्हटलं. "माहीच होती थे."

तिनं मान हलवली आणि पुढं चालायला लागली. घरी आल्यावर मी ताटं वाढली. ती घासभर खाऊन उठली. मी मात्र पोटभर जेवले.